फुप्फुसाचा कर्करोग: प्रकार बदलला की शस्त्रक्रियेचे फळ का बदलते?

कुतूहल

नमस्कार. एकाच घरातल्या तीन माणसांचे तीन रिपोर्ट समोर ठेवल्यावर पडलेला प्रश्न येथे मांडतो आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या काकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. गाठ छातीच्या मध्यभागी होती, बायोप्सीत ‘स्मॉल सेल’ असा प्रकार निघाला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषयच काढला नाही. केमोथेरपीने गाठ दोन महिन्यांत जवळजवळ दिसेनाशी झाली, त्यामुळे आम्ही सारे निर्धास्त झालो. पण वर्ष उलटण्याच्या आत रोग मेंदूत पोहोचला आणि काका गेले. त्याच्याही पाच वर्षे आधी माझ्या आत्याच्या फुप्फुसात ‘कार्सिनॉइड’ नावाची गाठ सापडली होती. तिच्या फुप्फुसाचा एक खंड (लोब) काढला, त्यानंतर तिला केमोथेरपीही लागली नाही, आणि आज ती ठणठणीत आहे.

आता माझ्या बाबांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात २.४ सेंटिमीटरची गाठ आढळली आहे. त्यांचे वय ६३ आहे आणि सिगारेट सोडून त्यांना पंधरा वर्षे झाली आहेत. बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा आला आहे, पेट स्कॅनमध्ये लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) किंवा इतरत्र काही दिसलेले नाही, आणि डॉक्टरांनी लवकरात लवकर शस्त्रक्रिया करावी असे सांगितले आहे. घरात मात्र काकांचा अनुभव ताजा असल्याने, गाठीला सुरी लागली की ती चवताळते, हवा लागली की रोग पसरतो, असे म्हणणारे बरेच आहेत.

शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण मी शोधले तेव्हा कोठे ९० टक्के, कोठे ४०, तर कोठे २५ असे आकडे मिळाले. हा फरक कर्करोगाच्या प्रकारामुळे पडतो की तो किती पसरला आहे त्यामुळे? आणि प्रकारच निर्णायक असेल, तर एकाच अवयवाच्या कर्करोगांत एवढे अंतर का असावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त शल्यक

मी छातीच्या शस्त्रक्रिया सुमारे तीस वर्षे केल्या, त्या आधारावर लिहितो. आपल्या बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे त्यांच्यावरचे मत नव्हे.

आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, शस्त्रक्रिया करावी की नाही हे बहुतांशी प्रकार ठरवतो आणि केल्यावर तिचे फळ काय मिळेल हे बहुतांशी अवस्था, म्हणजे रोग किती पसरला आहे ते सांगणारी स्टेज, ठरवते. ‘बहुतांशी’ हा शब्द मी दोन्हीकडे मुद्दाम वापरला आहे, कारण अपवाद दोन्हीकडे आहेत.

आधी काकांच्या आजाराकडे वळू. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ टक्के स्मॉल सेल प्रकारचे असतात. या पेशी अतिशय वेगाने दुप्पट होतात आणि गाठ लहान असतानाच रक्तावाटे दूरवर जाऊन बसतात. रोगाचे निदान होते तेव्हा सुरी ज्या जागी चालायची तेथेच तो राहिलेला नसतो, म्हणून सुरीचा उपयोग होत नाही. ही समजूत अंदाजाने झालेली नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १४४ रुग्णांची चाचणी केली होती. तिचा दहा वर्षांचा पाठपुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात १ टक्का, तर किरणोपचाराच्या गटात ४ टक्के एवढे निघाले. दोन्ही आकडे भीषणच होते, पण शस्त्रक्रियेचा अधिक भीषण होता. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत आधी केमोथेरपी देऊन, तिला प्रतिसाद दिलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया करण्यात आली. तिथेही शस्त्रक्रियेने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. काकांच्या डॉक्टरांनी विषय काढला नाही तो यामुळे. केमोथेरपीने गाठ विरघळणे हेही या प्रकाराचे लक्षणच आहे, कारण वेगाने वाढणाऱ्या पेशी औषधाला आधी बळी पडतात. मात्र उरलेल्या थोड्या पेशी पुन्हा डोके वर काढतात आणि मेंदू ही त्यांची नेहमीची जागा असते.

अपवाद असा की, स्मॉल सेलची गाठ फुप्फुसाच्या कडेला आणि लहान असेल, आणि छातीच्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी तपासून त्या रोगमुक्त असल्याची खात्री झाली असेल, तर आजही खंड काढून त्यानंतर केमोथेरपी दिली जाते. अशा निवडक रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण अनेक अभ्यासांत ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आढळते. अशी भाग्यवान गाठ शंभरांत पाचांपेक्षाही कमी जणांत सापडते. वरच्या जुन्या चाचण्यांत असे रुग्ण जवळपास नव्हतेच, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही निष्कर्षांत विरोध राहत नाही.

उरलेले सुमारे ८५ टक्के कर्करोग ‘नॉन स्मॉल सेल’ या नावाखाली येतात. त्यांत अ‍ॅडेनोकार्सिनोमा सर्वाधिक आणि त्याच्या मागोमाग स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. येथे अवस्थेचे राज्य सुरू होते. जगभरातल्या १६ देशांतून, १९९९ ते २०१० या काळात निदान झालेल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून अवस्थांची आठवी आवृत्ती तयार झाली. शस्त्रक्रियेनंतर तपासलेल्या गाठीवरून अवस्था ठरवली, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण तीत असे दिसते: एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत ९० टक्के, एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठीत ८५, दोन ते तीनच्या गाठीत ८०, त्यापुढे पहिल्या अवस्थेच्या ‘ब’ गटात ७३, दुसऱ्या अवस्थेच्या दोन गटांत ६५ आणि ५६, तिसऱ्याच्या ‘अ’ गटात ४१ आणि ‘ब’ गटात २४. आपल्याला मिळालेले ९०, ४० आणि २५ हे आकडे बहुधा याच जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या असाव्यात. बाबांच्या लसिकाग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही स्वच्छ निघाल्या आणि गाठीचे माप तेवढेच राहिले, तर ते ८० च्या पायरीवर उभे असतील.

मग अ‍ॅडेनो आणि स्क्वॅमस यांत काहीच फरक नाही का? आहे, पण तो वेगळ्या वाटेने येतो. स्क्वॅमस गाठ पुष्कळदा मोठ्या श्वासनलिकेजवळ, फुप्फुसाच्या मुळाशी वाढते, तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा बहुधा कडेला असतो. कडेची गाठ एका खंडासह काढता येते. मुळाशी असलेली गाठ मात्र कधी कधी अख्खे फुप्फुस मागते, आणि त्या शस्त्रक्रियेची किंमत फार मोठी आहे. अनुभवी केंद्रांतही एक खंड काढल्यानंतरच्या तीस दिवसांत मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण १ ते २ टक्के असते, तर संपूर्ण फुप्फुस काढल्यावर ते ५ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते, त्यातही उजवे फुप्फुस काढणे अधिक धोक्याचे. म्हणूनच शक्य असेल तेथे श्वासनलिकेचा रोगग्रस्त तुकडा कापून उरलेली दोन टोके पुन्हा जोडण्याची, ‘स्लीव्ह’ म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया आम्ही पसंत करतो. ती किचकट आहे, पण तिने निरोगी खंड वाचतो. याशिवाय स्क्वॅमसचे रुग्ण बहुतेक दीर्घकाळ धूम्रपान केलेले असतात; कर्करोग बरा होऊनही त्यांतले काही जण हृदयविकाराने किंवा दम्यासारख्या जुनाट श्वासविकाराने जातात, आणि ‘पाच वर्षे जगलेले’ या आकड्यात तेही मृत्यू मोजले जातात. रोग उलटण्याच्या जागाही निराळ्या असतात. स्क्वॅमस तुलनेने अधिक वेळा छातीतच परततो, तर अ‍ॅडेनो मेंदू किंवा हाडांसारख्या दूरच्या ठिकाणी.

सुरी लागली की गाठ चवताळते, या समजुतीचे मूळ मला ठाऊक आहे, कारण तिचे साक्षीदार मी माझ्या गुरूंच्या पिढीत पाहिले. सीटी स्कॅन येण्यापूर्वी साध्या एक्स-रेवर विसंबून छाती उघडली जाई, आत रोग सर्वत्र पसरलेला दिसे, आणि काहीही न काढता छाती पुन्हा शिवावी लागे. असा रुग्ण काही महिन्यांत दगावला की दोष सुरीच्या आणि हवेच्या माथी येई. रोग आधीच पसरलेला होता, तो फक्त त्या दिवशी दिसला. आज सीटी, पेट स्कॅन आणि ग्रंथींची तपासणी यांमुळे अशी ‘उघडून मिटलेली’ शस्त्रक्रिया क्वचितच घडते.

एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस एकाच बैठकीत काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी केली. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो त्यानंतर तीस वर्षे जगला. ग्रॅहम मात्र १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानेच वारले. धूम्रपान आणि हा रोग यांचा संबंध दाखवणाऱ्या १९५० च्या महत्त्वाच्या अभ्यासाचे ते एक लेखक होते आणि स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत आले होते.

बाबांच्या बाबतीत खंड काढणे हीच प्रस्थापित शस्त्रक्रिया ठरेल. तिच्याआधी श्वासाची ताकद मोजतील. उजव्या वरच्या खंडात फुप्फुसांच्या एकूण १९ उपखंडांपैकी ३ असतात. म्हणजे समजा आज त्यांची श्वासक्षमता अपेक्षेच्या ८० टक्के असेल, तर नंतर ती ६७ टक्क्यांच्या आसपास राहील, असा हिशेब मांडता येतो. हा आणि वायूंच्या देवाणघेवाणीचा, असे दोन्ही अंदाज ६० च्या वर असले, तर धोका कमी समजला जातो.

आकडेमोड

निवृत्त शल्यक यांचे विवेचन उत्तम आहे, मात्र ‘खंड काढणे हीच प्रस्थापित शस्त्रक्रिया’ या वाक्यावर मला थोडे अडावेसे वाटते. त्यामागे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली २४७ रुग्णांची चाचणी आहे, जिच्यात खंडापेक्षा कमी भाग काढलेल्यांत रोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण तिप्पट निघाले होते. ती चाचणी सीटी स्कॅनच्या बाल्यावस्थेतली होती. २०२२ मध्ये जपानमधल्या १,१०६ रुग्णांच्या चाचणीत, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी केवळ उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते. पाठोपाठ २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ६९७ रुग्णांच्या चाचणीतही दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले, ८०.३ आणि ७८.९ टक्के.

या जपानी चाचणीत एक चमत्कारिक गोष्ट आहे आणि आपल्या मूळ प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. उपखंड काढलेल्यांत रोग स्थानिक पातळीवर परतण्याचे प्रमाण १०.५ टक्के, म्हणजे दुसऱ्या गटाच्या ५.४ टक्क्यांच्या जवळपास दुप्पट होते, आणि तरीही तेच रुग्ण अधिक संख्येने जिवंत राहिले. खंड गमावलेल्या गटात इतर आजारांनी, दुसऱ्या कर्करोगांसकट, अधिक माणसे गेली. जास्त फुप्फुस शिल्लक असलेल्यांना पुढच्या आजारांशी झुंजायला आणि पुढचे उपचार सोसायला अधिक बळ राहिले, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. मला तो पटतो, पण तो सिद्ध झाला आहे असे मी म्हणणार नाही. ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ म्हणजे नेमके काय, गाठ परतली नाही हे की माणूस राहिला हे, या दोन मोजपट्ट्या एकाच दिशेला जातील असे गृहीत धरू नये, एवढे मात्र त्यातून नक्की दिसते.

आणखी एक सापळा सांगतो. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आकडे किरणोपचार घेतलेल्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करण्याचा मोह होतो. परंतु शस्त्रक्रियेसाठी मुळात ज्यांचे हृदय, श्वास आणि चालणे धड आहे असेच रुग्ण निवडले जातात, आणि दुबळे रुग्ण दुसऱ्या रांगेत जातात. त्यामुळे निकालातला काही फरक उपचाराचा असतो आणि काही निवडीचा. कुतूहल यांनी आत्या आणि काका यांची तुलना केली आहे, तीतही असेच काहीसे घडते आहे.

निवृत्त शल्यक

आकडेमोड यांचा आक्षेप मान्य आहे, मी ‘हीच’ लिहायला नको होते. पण दोन्ही चाचण्यांची अट दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीची होती आणि बाबांची गाठ २.४ आहे, म्हणून तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रिया सुरू असतानाच लसिकाग्रंथी तपासून त्या स्वच्छ असल्याची खात्री करूनच पुढचा निर्णय घेतला होता. श्वास कमी असेल तर वेगळा विचार होतो. नसेल तर अशा गाठीला मी आजही खंडच काढीन.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे ‘प्रकार’ या शब्दावर माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वर प्रकार आणि अवस्था अशी जी विभागणी झाली ती शल्यकाच्या टेबलावरून दिसते तशी आहे. काचपट्टीवर पाहिले तर अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा एक प्रकारच नव्हे, ते एक कुटुंब आहे आणि त्यातल्या भावंडांचे स्वभाव टोकाचे भिन्न आहेत.

या कुटुंबाच्या एका टोकाला अशी गाठ असते, जिच्यात कर्करोगाच्या पेशी फुप्फुसातल्या हवेच्या कप्प्यांच्या भिंतींवर, रंगाचा हात द्यावा तशा पसरलेल्या असतात, पण भिंत ओलांडून आत शिरलेल्या नसतात. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंतची असून असे अजिबात शिरलेले नसेल, किंवा शिरकाव पाच मिलिमीटरच्या आत असेल, तर ती पूर्णपणे काढल्यावर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या अगदी जवळ जाते. २०११ मध्ये या दोन गटांना स्वतंत्र नावे मिळाली. सीटी स्कॅनमध्ये अशी गाठ बहुधा धुरकट काचेसारखी दिसते. जपानमध्ये अशाच, जवळजवळ पूर्ण धुरकट आणि दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ३३३ रुग्णांवर मर्यादित शस्त्रक्रिया केल्या, तेव्हा पाच वर्षे रोग न परतता राहिलेल्यांचे प्रमाण ९९.७ टक्के निघाले. दुसऱ्या टोकाला ज्यांच्या पेशी बारीक झुबक्यांनी सुट्या होऊन कप्प्यांत तरंगतात तो ‘मायक्रोपॅपिलरी’ आणि ज्यांच्या पेशी नुसत्या घट्ट थरांनी वाढतात तो ‘सॉलिड’ नमुना आहे. गाठ तेवढ्याच मापाची आणि अवस्था तीच असली, तरी या नमुन्यांचा वाटा मोठा असलेल्या रुग्णांत रोग परतण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त असते. मूळ गाठीपासून अंतरावर, हवेच्या कप्प्यांत सुट्या पेशी सापडणे हीदेखील नकोशी खूण आहे आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिची दखल घेतली जाते. विशेषतः खंडापेक्षा कमी भाग काढला असेल तर ती अधिक महत्त्वाची ठरते.

त्यामुळे बायोप्सीच्या रिपोर्टावर नुसते ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ लिहिलेले पाहून कोणताही अंदाज बांधू नये. सुईने काढलेला तुकडा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि येथे सगळी शिते सारखी शिजलेली नसतात. संपूर्ण गाठ हाती आल्यावर प्रत्येक नमुन्याचा वाटा टक्क्यांत लिहिला जातो. तो जरूर वाचावा.

आत्यांविषयी थोडे. कार्सिनॉइड, ‘लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन’ आणि स्मॉल सेल हे तिन्ही एकाच न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे चेतापेशी आणि संप्रेरके स्रवणाऱ्या पेशी या दोहोंशी साम्य असलेल्या पेशींच्या, घराण्यातले आहेत, म्हणजे आपल्या काकांची आणि आत्यांची गाठ वर्गीकरणाच्या दृष्टीने नातेवाईकच होत. त्यांना वेगळे करताना आम्ही ठरावीक क्षेत्रात, दोन चौरस मिलिमीटरमध्ये, किती पेशी विभाजन पावताना दिसतात ते मोजतो. दोनपेक्षा कमी विभाजने असतील आणि मृत पेशींचे पुंजके नसतील, तर ती ‘टिपिकल’ कार्सिनॉइड असते. ती पूर्ण काढल्यावर पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असते. विभाजने दोन ते दहा असतील किंवा मृत पेशी दिसल्या, तर ती ‘अटिपिकल’, आणि हेच प्रमाण ६० ते ७० च्या आसपास उतरते. दहाच्या पुढे गेले की लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन किंवा स्मॉल सेल. यातला लार्ज सेल न्यूरोएंडोक्राइन हा निवृत्त शल्यक यांच्या ‘अवस्थेचे राज्य’ या नियमाला सणसणीत अपवाद आहे, कारण पहिल्या अवस्थेत आणि पूर्ण काढूनही त्याचे निकाल त्याच अवस्थेतल्या अ‍ॅडेनो किंवा स्क्वॅमसपेक्षा बरेच वाईट असतात. दोन चौरस मिलिमीटरमधल्या या मोजणीवर एवढे अवलंबून असते, म्हणून बायोप्सीचा तुकडा फार लहान वा चिरडलेला असेल, तर आम्ही निर्णय राखून ठेवतो. नातेवाईकांना त्याचा राग येतो. येणारच, पण चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा तो परवडतो.

एका फुप्फुसावर

मला २०१६ मध्ये स्क्वॅमस झाला होता. गाठ मुळाशी असल्याने डावे फुप्फुस पूर्ण काढावे लागले. आकड्यांत मी ‘यशस्वी’ या रकान्यात आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या चर्चेत न आलेली एक गोष्ट सांगतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने जिन्याच्या नऊ पायऱ्यांवर मला दोनदा थांबावे लागत असे, आणि बोलता बोलता चालणे अजूनही जमत नाही. फासळ्यांमधल्या नसांची कळ वर्षभर राहिली. दुर्बिणीने, म्हणजे लहान छिद्रांतून शस्त्रक्रिया शक्य असल्यास त्याबद्दल जरूर विचारा. माझ्या बाबतीत ते शक्य नव्हते. आणि बाबांना आजपासूनच चालायला आणि श्वासाचे व्यायाम करायला लावा. शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत थांबू नका.

आकडेमोड

वरच्या सूचनेला आधार आहे. ब्रिटनमध्ये नऊ केंद्रांतल्या ५०३ रुग्णांवर दुर्बिणीची आणि छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. दुर्बिणीच्या गटातले रुग्ण पाच आठवड्यांनी शारीरिक दृष्ट्या अधिक सावरलेले होते, आणि त्यासाठी कर्करोग काढण्याच्या पूर्णतेत तडजोड झाल्याचे दिसले नाही.

कुतूहल

सर्वांचे मनापासून आभार. आत्या आणि काका यांच्या गाठी एकाच घराण्यातल्या होत्या, हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. घरी आईला निवृत्त शल्यक यांचा ‘उघडून मिटलेल्या’ शस्त्रक्रियांचा परिच्छेद वाचून दाखवला. तिचा विरोध मावळला नाही, पण तिने बाबांच्या श्वासाच्या तपासणीची तारीख स्वतःहून विचारली.

एक शंका उरली आहे. बायोप्सीच्या तुकड्यावर ‘ईजीएफआर’ या जनुकाची तपासणी करायला सांगितले आहे. गाठ काढूनच टाकायची असेल, तर जनुकीय तपासणी कशासाठी? आणि शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी टळेल का?

सूक्ष्मदर्शी

गाठ काढल्यानंतर पहिल्या अवस्थेच्या ‘अ’ गटात, म्हणजे तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि स्वच्छ ग्रंथी असतील, तर सहसा केमोथेरपी दिली जात नाही. पाच मोठ्या चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सिस्प्लॅटिनवर आधारित केमोथेरपीने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण एकंदरीत ५.४ टक्के अंकांनी वाढले होते, पण तो लाभ दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतल्यांना मिळाला; पहिल्या अवस्थेच्या ‘अ’ गटात अपायाकडे कल दिसला.

मात्र शस्त्रक्रियेनंतरची अवस्था स्कॅनवरच्या अवस्थेपेक्षा बदलू शकते. गाठ तेवढ्याच मापाची असूनही तिने फुप्फुसाचे बाहेरचे आवरण भेदलेले असेल, तर ती ‘ब’ गटात जाते, आणि स्कॅनमध्ये न दिसलेला रोग एखाद्या ग्रंथीत सापडला तर थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत. ‘ब’ गटापासून पुढे ईजीएफआरचा निकाल कामाचा ठरतो. त्या जनुकात ठरावीक बदल असलेल्या, ‘ब’ गटापासून तिसऱ्या अवस्थेच्या ‘अ’ गटापर्यंतच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षे ओसिमर्टिनिब हे गोळीच्या रूपातले औषध दिले असता, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ८८ टक्के होते. औषध न मिळालेल्या गटात ते ७८ होते. हा बदल प्रामुख्याने अ‍ॅडेनोकार्सिनोमात आढळतो, स्क्वॅमसमध्ये क्वचित. म्हणजे प्रकाराचे महत्त्व शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपत नाही.

अंतिम रिपोर्ट हाती आला की त्यात चार गोष्टी पाहा: कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत का, किती ग्रंथी कोणकोणत्या ठिकाणांहून काढल्या आणि त्यांतल्या कितींत रोग आहे, बाहेरचे आवरण भेदले आहे का, आणि नमुन्यांचे टक्के काय आहेत. ग्रंथींची संख्या अगदीच कमी असेल, तर ‘ग्रंथी स्वच्छ’ या शेऱ्याचे वजनही तेवढेच कमी होते, आणि त्याबद्दल शल्यकांना विचारण्यात संकोच करू नये. रिपोर्ट आल्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून येथे लिहिलात, तर शब्दांचा अर्थ सांगण्यापुरती मदत मी नक्की करीन.